शिमुरा ताकाशी यांची कारकीर्द क्रमाने कशी पाहावी

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सदस्याच्या घरी आम्ही दहा-बारा चित्रपटप्रेमी महिन्यातून दोनदा जमतो. काही वर्षांपूर्वी तेथे आम्ही जपानी दिग्दर्शक कुरोसावा आकिरा यांचा १९५४ चा ‘सात सामुराई’ पाहिला. जवळपास साडेतीन तासांचा चित्रपट संपल्यावर चहाच्या वेळी जो तो त्यातील नट मिफुने तोशिरो यांच्याविषयी बोलत होता. त्या सात जणांचे नेतृत्व करणारा, मुंडण केलेला, शांत रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई, काम्बेई सर्वांना आवडला होता, परंतु तो साकारणाऱ्या नटाचे नाव एकालाही सांगता येईना. ते नाव शिमुरा ताकाशी. कुरोसावा यांनी एकूण तीस चित्रपट दिग्दर्शित केले, त्यांपैकी सोळांत मिफुने आहेत आणि एकवीसांत शिमुरा. ही संख्या कळल्यानंतर आम्ही त्यांची कारकीर्द क्रमाने पाहायचे ठरवले आणि त्या कामातून जी पद्धत हाती आली ती येथे मांडत आहे. ही पद्धत कोणत्याही चरित्र-अभिनेत्याला लावता येईल, परंतु आरंभ शिमुरा यांच्यापासून करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांच्या कारकिर्दीत मूकपटापासून रंगीत भव्यपटापर्यंतचा सारा जपानी चित्रपट येतो.

प्रथम शब्द नीट समजून घ्यावा. जपानीत अशा भूमिकेला ‘वाकियाकु’ म्हणतात. ‘वाकि’ म्हणजे बाजू. नोह या प्राचीन नाट्यप्रकारात मुख्य पात्राला ‘शिते’ आणि त्याच्यासमोर बसून त्याची कथा ऐकणाऱ्या, त्याला बोलते करणाऱ्या पात्राला ‘वाकि’ म्हणतात. आपल्याकडील ‘सहायक भूमिका’ या शब्दात साहाय्य करण्याचा अर्थ आहे, तर ‘वाकि’मध्ये ऐकण्याचा अर्थ मुरलेला आहे, आणि शिमुरा यांचा अभिनय पाहताना हा दुसरा अर्थ अधिक उपयोगी पडतो. नावांच्या बाबतीतही एक खबरदारी घ्यावी. जपानी पद्धतीत आडनाव आधी येते, म्हणून ‘शिमुरा’ हे आडनाव आहे. पाश्चात्य याद्यांमध्ये हा क्रम उलटा असतो, त्यामुळे एकाच नटाच्या दोन वेगळ्या नोंदी होण्याचा धोका राहतो.

नोंदवही कशी आखावी

मेन रोडवर मिळणारी लांब हिशेबवही या कामासाठी उत्तम. संगणकावरील तक्ताही चालेल, परंतु चित्रपट पाहताना अंधारात पेन्सिलीने चार शब्द टिपणे सोपे जाते. उभे रकाने सात आखावेत: वर्ष, निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, पात्राचा व्यवसाय, पात्राचे अंदाजे वय आणि त्या वर्षी नटाचे खरे वय, पडद्यावरील एकूण मिनिटे, आणि शेवटचा, सर्वांत रुंद रकाना ‘तो कोणाचे ऐकतो आहे’ असा. पात्राच्या नावासाठी स्वतंत्र रकाना ठेवू नये. छोट्या भूमिकांत नाव लक्षात राहत नाही, व्यवसाय मात्र राहतो.

वयाचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त शिकवणारा तोच ठरला. शिमुरा यांचा जन्म १२ मार्च १९०५ चा, ह्योगो प्रांतातील इकुनो या चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावचा. ‘इकिरु’ या १९५२ च्या चित्रपटात पोटाच्या कर्करोगाने मरणारा, वाकलेला, निवृत्तीकडे झुकलेला कारकून त्यांनी उभा केला तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. दोनच वर्षांनी ‘सात सामुराई’त ते धावतात, पावसात धनुष्य ताणतात, आणि त्या कारकुनापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसतात. मिफुने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि १९४९ च्या ‘शिझुकानारु केत्तो’मध्ये शिमुरा त्यांचे वडील झाले आहेत. हे आकडे शेजारी-शेजारी लिहिले की नटाने वय कोठे ठेवले आहे, पाठीत, मानेत की आवाजात, हे शोधण्याची सवय डोळ्याला लागते.

निर्मितीसंस्थेचा रकानाही काळजीने भरावा, कारण त्या काळचा जपानी नट आपल्याकडील आजच्या नटाप्रमाणे चित्रपटागणिक करार करीत नसे. तो संस्थेच्या नोकरीत असे आणि संस्था सांगेल त्या चित्रपटात काम करी. शिमुरा यांनी ओसाका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी केली, रंगभूमीवर धडपड केली, आणि १९३४ मध्ये ते प्रथम पडद्यावर दिसले. पुढे क्योटोतील निक्कात्सु संस्थेत असताना थोड्याच वर्षांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपटांत कामे केली. या संख्येने दबून जाऊ नये. नायकाचे चित्रीकरण आठवडेच्या आठवडे चालते, तर पोलीस अधिकारी किंवा शेजारी रंगवणारा नट दोन दिवसांत मोकळा होऊन शेजारच्या सेटवर जातो. १९४३ मध्ये ते तोहो संस्थेत आले आणि त्याच वर्षी कुरोसावा यांच्या पहिल्या चित्रपटात, ‘सुगाता सान्शिरो’त, नायकाशी लढणारा वयस्क जुजुत्सु-शिक्षक झाले. १९४९ पासून वहीतील संस्थांची नावे अचानक बदलू लागतात: दाइएई, शिनतोहो, शोचिकु, पुन्हा दाइएई. त्याचे कारण तोहोतील १९४८ चा दीर्घ संप हे आहे. त्या काळात कुरोसावा बाहेरच्या संस्थांत चित्रपट करीत होते आणि शिमुरा त्यांच्याबरोबर दिसत राहिले. अशा बदलाजवळ तांबड्या शाईने खूण करावी, कारण दिग्दर्शकाने स्वतःचे घर सोडतानाही ज्याला बरोबर घेतले तो नट त्याच्या दृष्टीने काय असेल, याचे याहून चांगले उत्तर मुलाखतींत मिळत नाही.

पाहण्याचा क्रम

‘इकिरु’पासून सुरुवात करू नये. हा सल्ला अनेकांना रुचणार नाही, कारण ती त्यांची सर्वांत गाजलेली मुख्य भूमिका आहे. परंतु तो चित्रपट आधी पाहिला की पुढची प्रत्येक छोटी भूमिका ‘इकिरु’तील नट येथे काय करतो आहे, या प्रश्नाच्या छायेत जाते, आणि आपण नकळत तारा शोधू लागतो. म्हणून १९३६ पासून पुढे चालत यावे.

१९३६ मध्ये मिझोगुची केन्जी यांच्या ‘नानिवा एरेजी’त ते पोलीस निरीक्षक आहेत. काम थोडे आहे, पण वहीत ते नक्की नोंदवावे, कारण तेरा वर्षांनी हा पोलीस पुन्हा भेटणार आहे. त्यानंतर १९३९ चा माकिनो मासाहिरो यांचा ‘ओशिदोरी उतागासेन’ पाहावा. ही गाणी-नाच असलेली हलकीफुलकी संगीतिका आहे आणि तीत शिमुरा हे छत्र्या करून पोट भरणारे, जुन्या वस्तूंच्या नादाने घर धुऊन काढणारे रोनिन बाप आहेत. ते गातात, आणि फार छान गातात. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट परका वाटत नाही. आमच्याकडे तर एका ज्येष्ठ सदस्याने त्यांची आवाज फेकण्याची पद्धत ऐकून तत्काळ ‘हा रंगभूमीवरचा माणूस आहे’ असे सांगितले. हा मोकळा, खणखणीत आवाज मनात साठवून ठेवावा.

मग युद्ध आणि त्यानंतरची वर्षे येतात, आणि येथे घाई करू नये. १९४८ ते १९५४ या सात वर्षांना मी एकूण वेळेपैकी निम्मा वेळ देतो.

१९४८ च्या ‘योइदोरे तेन्शी’त, म्हणजे ‘दारुड्या देवदूता’त, ते गलिच्छ डबक्याच्या काठी दवाखाना चालवणारे, दारू पिणारे, तोंडाने फटकळ डॉक्टर सानादा आहेत, आणि मिफुने क्षयाने पोखरलेला गुंड. प्रेक्षकांचे लक्ष तेव्हा मिफुने यांनी वेधून घेतले आणि आजही घेतात. अशा चित्रपटासाठी दोनदा पाहण्याची पद्धत वापरावी. पहिल्यांदा सर्वसामान्य प्रेक्षकासारखा पाहावा. दुसऱ्यांदा दोघांचे मोजके तीन-चार प्रसंग काढून, आवाज पूर्ण बंद करून, फक्त डॉक्टरकडे पाहावे. गुंड त्वेषाने अंगावर येतो तेव्हा डॉक्टर मागे हटतो की जागचा हलत नाही, त्याची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर आहे की छातीवर, हे आवाज असताना दिसत नाही. समोरच्याचा राग खरा वाटायला लावणे हे किती कष्टाचे काम आहे, हे मला या पद्धतीने प्रथम उमगले.

१९४९ च्या ‘नोरा इनू’त १९३६ चा तो पोलीस परत येतो. पिस्तूल चोरीला गेलेला तरुण गुप्तहेर मुराकामी अस्वस्थ होऊन हिंडतो, आणि त्याला ज्येष्ठ गुप्तहेर सातो भेटतो. सातोची पहिली भेट बारकाईने पाहावी. कडक उन्हाळा आहे, चौकशीच्या खोलीत एक संशयित स्त्री बसलेली आहे, आणि सातो तिच्याबरोबर आइसकांडी खात, घरच्यासारख्या गप्पा मारत माहिती काढून घेतो. दरडावणे नाही, टेबलावर मूठ आपटणे नाही. वहीच्या शेवटच्या रकान्यात मी येथे ‘संशयित स्त्री’ असे लिहिले आणि त्यापुढे ‘ऐकता ऐकता खातो’ असे जोडले. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून हा चित्रपट पाहावा असे मी गमतीने म्हणत नाही. घामाने चिकटलेला सदरा हा या चित्रपटात अभिनयाचाच भाग आहे आणि तो अंगावर अनुभवल्याने सातोच्या संथपणाचे मोल कळते.

१९५० मध्ये त्यांच्या दोन भूमिका जोडीने पाहाव्यात. ‘शुबुन’मध्ये ते लाच घेऊन स्वतःच्याच अशिलाशी बेइमानी करणारे, क्षयी मुलीचे दुबळे वकील बाप आहेत, आणि त्याच वर्षीच्या ‘राशोमोन’मध्ये लाकूडतोड्या. दोघेही काहीतरी लपवतात. वकिलाचा अपराध त्याच्या चेहऱ्यावर सतत फुटत राहतो, लाकूडतोड्याचा शेवटपर्यंत दिसत नाही आणि दिसतो तेव्हा मागचे सगळे पुन्हा आठवावे लागते. अपराधीपणाचे हे दोन प्रकार एकाच नटाने एका वर्षात केले, हे मला त्यांच्या कोणत्याही एका थोर भूमिकेपेक्षा मोठे वाटते. ‘राशोमोन’च्या आरंभी कुऱ्हाड खांद्यावर टाकून जंगलातून चालण्याचा जो दीर्घ, संवादहीन प्रसंग आहे, तोही येथेच पाहून घ्यावा.

आता ‘इकिरु’ पाहावा. सानादा, सातो, वकील आणि लाकूडतोड्या यांच्यानंतर वातानाबे हा कारकून वेगळा दिसतो. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षातील प्रसंग निवडावा. शेजारी बसलेला एक बोलघेवडा रुग्ण पोटाच्या कर्करोगाची लक्षणे एकेक करून सांगतो, आणि वातानाबे काहीही न बोलता ती स्वतःच्या शरीराशी ताडून पाहत जागा बदलत, दूर सरकत राहतो. मुख्य भूमिकेतही शिमुरा यांनी ‘वाकि’चेच काम केले आहे, हे येथे दाखवून देता येते. चित्रपटाच्या उत्तरार्धात तर वातानाबे मरण पावलेला आहे आणि बाकीचे कारकून त्याच्याविषयी बोलतात, म्हणजे नायक स्वतःच्या कथेत ऐकणाराही उरत नाही. त्यानंतर बर्फात झोपाळ्यावर बसून गायलेले १९१५ चे ते जुने गाणे ऐकावे आणि लगेच १९३९ च्या छत्रीवाल्याचे गाणे पुन्हा लावावे. आवाज तोच आहे. ज्याला इतके चांगले गाता येत होते त्याने येथे गळा कसा आवळून, शब्द कसे चिरडून गायले आहे, हे ऐकताना आमच्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. कारकीर्द क्रमाने पाहिली नसती तर हे हाती लागले नसते.

१९५४ या एका वर्षाच्या दोन नोंदी शेजारी लिहाव्यात. २६ एप्रिलला ‘सात सामुराई’ प्रदर्शित झाला, ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’, म्हणजेच ‘गॉडझिला’. पहिल्यात मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवण्याची काम्बेईची लकब किती वेळा आणि कोणत्या क्षणी येते ते मोजावे. दुसऱ्यात ते पुराजीवशास्त्रज्ञ यामाने आहेत, ज्यांना त्या अक्राळविक्राळ प्राण्याला मारण्यापेक्षा त्याचा अभ्यास व्हावा असे वाटते, आणि ते मनाविरुद्ध घडू लागल्यावर ते अंधाऱ्या खोलीत एकटे बसतात. राक्षसाच्या चित्रपटातही त्यांनी कसर ठेवलेली नाही.

यापुढील वर्षांत भूमिका लहान होत जातात: ‘योजिम्बो’त साके ही तांदळाची दारू गाळणारा व्यापारी, ‘मोसुरा’त वृत्तपत्राचा संपादक, दोन्ही १९६१ चे. हे पान मी भराभर उलटतो, परंतु एक गोष्ट नोंदवल्याशिवाय नाही. जगभर वाखाणलेल्या मुख्य भूमिका केल्यानंतर हा नट पुन्हा पाच मिनिटांच्या कामांकडे गेला आणि त्या पाच मिनिटांत त्याने कोठेही हात आखडता घेतलेला दिसत नाही. माझ्या मते ही त्यांची खरी थोरवी आहे, आणि मिनिटांचा रकाना भरल्याशिवाय ती कागदावर येत नाही.

प्रतींविषयी एक सूचना

चित्रपटाची कोणती प्रत आपण पाहत आहोत, हे लांबीवरून तपासावे. १९८० च्या ‘कागेमुशा’साठी आम्ही एकदा सर्वांना बोलावले, शिमुरा यांच्या प्रसंगाची वाट पाहत बसलो, आणि तो प्रसंग आलाच नाही. मूळ जपानी प्रत तीन तासांची आहे, परदेशी वितरणासाठीची प्रत १६२ मिनिटांची, आणि त्या कात्रीत त्यांचाच भाग सापडला होता. ‘गोजिरा’ची १९५६ ची अमेरिकन आवृत्ती अशीच आहे, तीत एक अमेरिकन वार्ताहर घुसवला आहे आणि जपानी नटांची कामे छाटली आहेत. कात्री प्रथम चरित्र-अभिनेत्यावरच चालते, त्यामुळे त्याचा अभ्यास करणाऱ्याने ही दक्षता इतरांपेक्षा जास्त घ्यावी. चित्रपटाच्या अभ्यासाची पुस्तके नाशिकच्या १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात शोधावीत, आणि पुण्याला जाणे होईल तेव्हा १९६४ पासूनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी एक दिवस राखावा.

दूरचित्रवाणीचा भाग

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण १ फेब्रुवारी १९५३ रोजी सुरू झाले, चित्रपटगृहांतील प्रेक्षकसंख्येने १९५८ मध्ये ११२ कोटींचा उच्चांक गाठला आणि त्यानंतर ती घसरतच गेली. चरित्र-अभिनेत्यांचे पोट हळूहळू मालिकांवर चालू लागले. हा भाग समजून घेण्यासाठी शिमुरा यांच्याजवळ न थांबता फुकुमोतो सेइझो यांच्याकडे जावे.

फुकुमोतो १९५८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, क्योटोतील तोएई संस्थेत दाखल झाले. स्वतंत्र रंगपटाची खोली नसलेल्या, मोठ्या सामायिक खोलीत बसणाऱ्या ‘ओबेया’ नटांपैकी ते एक, आणि त्यांचे काम ‘किरारेयाकु’चे, म्हणजे नायकाच्या तलवारीने मरण्याचे. ते पन्नास हजार वेळा मेले असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. घाव बसताच शरीर मागे कमानीसारखे, कोळंबीसारखे वाकवून कोसळण्याची त्यांची शैली ‘एबीझोरी’ म्हणून ओळखली गेली. अशा नटाची यादी करू पाहू नये. श्रेयनामावलीत ज्याचे नावच अनेकदा नसे त्याची यादी पुरी होत नाही. त्याऐवजी तोएईच्या क्योटो स्टुडिओत घडलेली एखादी दीर्घ मालिका घ्यावी. ‘मितो कोमोन’ १९६९ ते २०११ अशी चालली आणि तिचे बाराशेहून अधिक भाग झाले. तिचे कोणतेही दहा भाग निवडावेत, शेवटच्या तलवारबाजीपाशी थांबावे, आणि तो प्रसंग अर्ध्या गतीने चालवून मागच्या फळीतील माणसे पाहावीत. नायकाचा घाव जोरकस वाटतो तो कोसळणाऱ्याच्या पाठीमुळे, हे अर्ध्या गतीत उघड दिसते. वहीत येथे व्यवसायाच्या जागी ‘कसा पडला’ असे लिहावे. फुकुमोतो यांना प्रमुख भूमिका मिळाली ती २०१४ मध्ये, ‘उझुमासा लाइमलाइट’मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आणि मॉन्ट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात ते सर्वोत्तम अभिनेते ठरले. १ जानेवारी २०२१ रोजी ते गेले.

नाशिकमध्ये बसून हे लिहिताना मनात एक विचार येतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांसाठी कोणी वही आखली नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम

सुमारे आठ आठवड्यांत वही भरते. त्यानंतर दीड तासाचा कार्यक्रम करावा आणि त्याला राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे छोट्या भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांना आवर्जून बोलवावे, कारण शिमुरा कोठे उभे राहतात आणि का, हे ते आपल्या आधी ओळखतात. पाचपेक्षा अधिक दृश्ये दाखवू नयेत. प्रत्येकापूर्वी प्रसंगाचा सारांश मराठीत सांगावा, म्हणजे प्रेक्षकांचे डोळे सबटायटल्सकडे न जाता नटाच्या चेहऱ्यावर राहतील. शेवटी ‘इकिरु’चा झोपाळा दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याऐवजी तोरा-सान या भटक्या फेरीवाल्यावरील चित्रपटमालिकेतल्या पहिल्या, १९६९ च्या चित्रपटातील लग्न दाखवावे: मुलाशी आठ वर्षे दुरावलेला, शिमुरा यांनी साकारलेला बाप मंडपात सारा वेळ गप्प बसतो, आणि अखेर उठून अडखळत चार वाक्ये बोलतो. दिवे लागल्यावर कोणतेही भाषण न करता वहीतील व्यवसायाचा रकाना वरून खाली सावकाश वाचावा. पोलीस निरीक्षक, छत्र्या करणारा, जुजुत्सु-शिक्षक, डॉक्टर, गुप्तहेर, वकील, लाकूडतोड्या, कारकून, रोनिन, शास्त्रज्ञ, साकेचा व्यापारी, संपादक, नवऱ्या मुलाचा बाप.